लोकरीला विटाळ नसतो

रत्नागिरीत बसून स्वेटर विणणारी बाई वेडीच असणार, असं आमच्या आळीचं एकमत होतं आणि ते माझ्या तोंडावर सांगायला कुणी लाजत नसे. इथे पौषातही दुपारी पंखा लागतो. घामेजल्या बोटांना लोकर चिकटते, पावसाळ्यात सुया गंजतात आणि ट्रंकेतल्या लोकरीला कुबट वास येतो. "घाटावरची गो ती, तिला थंडीचं कौतुक," असं शेजारणी म्हणायच्या. मी हसून सोडून द्यायचे. खरं तर मला हसू येत नसे, राग यायचा. ऐंशी सालानंतरच्या त्या वर्षांत मला जितका राग आला तितका पुढे कधी आला नाही, आणि त्यातला बराचसा मी अजून जपून ठेवला आहे.

स्वेटर माझ्या वडिलांसाठी होता. ते साताऱ्याकडच्या एका गावात एकटे राहायचे. त्यांना दमा होता आणि थंडी पडली की तो उचल खायचा. आईने विणलेला त्यांचा जुना स्वेटर कोपरांवर विरला होता, आणि आता आईही नव्हती. त्या वर्षी ज्येष्ठात त्यांनी स्वतः दुकानात जाऊन राखी लोकरीच्या आठ लड्या घेतल्या आणि एसटीच्या पार्सलने मला पाठवल्या. सोबत चिठ्ठी होती. "दिवाळीनंतर इकडे थंडी पडते. तुझ्या सवडीने कर."

सवड. तो शब्द वाचून मी चिठ्ठी उलटी करून ठेवली. आमच्या घरात माझा नवरा, माझ्या विधवा सासूबाई, दोन शाळकरी मुलं आणि परसात हापूसची दहा कलमं. नवरा हायस्कुलात मास्तर. पहाटे नळाला पाणी यायचं तेव्हापासून मी जी उभी राहायचे ती जेवणाची भांडी पालथी घालेपर्यंत. तांदूळ निवडा, आमसुलं वाळत घाला, ढग आले की आत घ्या, ऊन पडलं की परत बाहेर काढा. आणि यात कुठे अर्धा तास हाती लागून मी सुया घेतल्या, की घरातल्या प्रत्येकाला त्याच क्षणी काहीतरी हवं व्हायचं. मुलांना भूक लागायची, नवऱ्याला सदऱ्याचं बटण आठवायचं, सासूबाईंना कोपऱ्यातलं जाळं दिसायचं. नवरा मात्र रोज संध्याकाळी झोपाळ्यावर तासभर वर्तमानपत्र वाचायचा आणि त्या तासात त्याला कुणी काही मागितल्याचं मला आठवत नाही.

मला सवड मिळायची ती महिन्याचे तीन दिवस. आमच्याकडे तेव्हाही पाळीत बाहेर बसायचं असे. मागच्या पडवीत वेगळी चटई, वेगळा तांब्या, वेगळं ताट, आणि चौथ्या दिवशी न्हाऊन घरात. घरातल्या कशाला शिवायचं नाही, कुणाला शिवायचं नाही. सासूबाई कडक होत्या. लग्नानंतर पहिल्यांदा बसले तेव्हा मी पुस्तक मागितलं होतं. त्या म्हणाल्या, "पुस्तकात सरस्वती असते गो. नको." मग मी उशीच्या अभ्र्यावर भरतकाम करू का विचारलं. "सुताला विटाळ होतो. लोकर असली तर चालेल. लोकरीला विटाळ नसतो." त्या स्वतः स्वयंपाक सोवळ्यात करायच्या, लोकरीची जुनी धाबळी नेसून, त्यामुळे लोकरीच्या बाबतीत त्यांचा शब्द अखेरचा होता.

तर अशी मी पडवीत बसून विणायचे. मला शिवायचं नाही म्हणून मला कुणी हाकही मारायचं नाही. सकाळी आठला टाके घातले की दुपारपर्यंत वीतभर पाठ तयार. आषाढाच्या बैठकीत पाठ झाली, श्रावणात पुढची बाजू. आत सासूबाईंच्या पावलांचा आवाज यायचा, भांड्यांचा यायचा, आणि मी सुलट-उलट, सुलट-उलट करत बसायचे. सुख होतं ते, आणि त्या सुखाचाच मला संताप यायचा. धडधाकट बाईला वडिलांसाठी स्वेटर विणायला आधी अस्पृश्य व्हावं लागतं, हे कुठलं घर?

भाद्रपदात गौरी-गणपतीसाठी पाळी पुढे ढकलायची गोळी घ्यावी लागली. ती मेडिकलातून नवऱ्यानेच आणली, गणपतीत घरात हात कमी पडू नयेत म्हणून. विसर्जनानंतर बसले तेव्हा अंग इतकं दुखत होतं की गळ्याची पट्टी आणि एक बाही कोपरापर्यंत, एवढंच झालं. म्हटलं, हरकत नाही. आश्विनात एक बाही, कार्तिकात दुसरी. थंडीच्या तोंडावर पोचेल.

आणि नवरात्रात नवऱ्याने मला मुक्त केलं.

झालं असं की महिला मंडळाने त्याला भाषणाला बोलावलं. विषय होता स्त्रियांची प्रगती. भाषण बरं झालं असावं, मी ते ऐकलं नाही, कारण भाषणानंतर घरी येणाऱ्या पाहुण्यांसाठी मला साबुदाण्याची खिचडी करायची होती. पाहुणे आले, पानं मांडली, आणि तो सगळ्यांदेखत म्हणाला, "दुसऱ्यांना सांगायचं तर सुरुवात आपल्या घरापासून. यापुढे आमच्याकडे कुणी बाहेर बसणार नाही." पाहुण्यांनी माना डोलावल्या. मंडळाच्या एक बाई मला म्हणाल्या, "नशीबवान आहात." मी खिचडी वाढत होते. मला वाटलं आता सासूबाई भडकतील. त्या ताक ओतत होत्या, त्यांनी मान वर केली नाही. नुसतं "बरं" म्हणाल्या.

प्रथा वाईट होती, याबद्दल माझ्या मनात तेव्हाही शंका नव्हती. माझ्या ताटात भात वरून टाकला जायचा. धाकटा चुकून येऊन बिलगला तर सासूबाई त्याला आंघोळ घालायच्या आणि तो रडत माझ्याकडे बघायचा. ती जायलाच हवी होती. पण ती काढून टाकताना त्याने माझे तीन दिवसही काढून घेतले, आणि बदल्यात स्वतः पाण्याची एक बादलीसुद्धा उचलली नाही. पुढच्याच महिन्यात पोटात कळा येत असताना मी चकल्यांचा सोऱ्या दाबत उभी होते. नवरा शाळेतल्या मास्तरांना अभिमानाने सांगायचा, "आमच्याकडे ती चारही दिवस स्वयंपाक करते." हे त्याने माझ्यासमोर सांगितलं. माझ्या हातात तेव्हा कढई होती आणि मी ती शेगडीवरच ठेवली, याचं श्रेय मी स्वतःला देते.

बाही कोपराशी अडली. घरात शिवताशिवत चालते म्हटल्यावर विणायची काही सोयच उरली नाही. चार टाके घेतले की दूध उतू जायचं. एकदा धाकट्याने सुई ओढली आणि पंधरा टाके सुटले, तीन ओळी उसवून पुन्हा केल्या. दिवाळी झाली. वडिलांचं कार्ड आलं. "इकडे थंडी सुरू झाली. आडवं झालं की धाप लागते, म्हणून बसून असतो. स्वेटरची घाई नाही, तुझ्या सवडीने."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चूल पेटवली नाही. चटई घेतली, तांब्या घेतला, ट्रंकेतून लोकर काढली आणि पडवीत जाऊन बसले. नवरा डबा शोधत मागे आला.

"हे काय?"

"मी बाहेर बसलेय."

"अगं, आपण बंद केलं ना ते?"

"तुम्ही बंद केलंत. मला विचारलं नव्हतं."

"लोकांना कळलं तर काय राहील माझं?"

"मग सांगू नका लोकांना," मी म्हटलं आणि सुई घातली. तो तसाच, डब्याशिवाय शाळेत गेला.

त्या दिवशी माझी पाळी नव्हती. ती होऊन पंधरा दिवस झाले होते. मी चक्क खोटं बोलून बसले होते आणि मला त्याची काडीचीही लाज वाटत नव्हती. आत सासूबाई पोरांना तयार करत होत्या, पाणी भरत होत्या, भात लावत होत्या. दुपारी सगळं आवरून त्या कमरेवर हात ठेवून पडवीच्या पायरीपाशी आल्या आणि सवयीने चार हात लांब बसल्या.

"तुझी होऊन पंधरवडा झाला," त्या म्हणाल्या. "मला काय कळत नाही?"

मी विणत राहिले. मग म्हटलं, "बाबांना झोपता येत नाही, आई. आता नाही झाला तर यंदाची थंडी तशीच जाईल त्यांची."

"माहितीये. कार्ड मीही वाचलं." "माझी पाळी जाऊन बारा वर्षं झाली. तेव्हा सगळ्या म्हणाल्या, सुटलीस हो. कसली सुटते? तोपर्यंत तीन दिवस पाठ टेकायला मिळायची. ती गेली ती गेलीच. मग तू आलीस. तू इथे बसलीस की तुझं नि माझं दोघींचं मी रेटायचं."

माझ्या सुया थांबल्या. आषाढ, श्रावण, भाद्रपद, तिन्ही महिने मी आतल्या त्या पावलांचा आवाज ऐकत विणलं होतं. पाऊल कुणाचं आहे याचा विचार मी केला नव्हता. जी सवड मला मिळत होती ती या साठीच्या बाईच्या कमरेतून काढलेली होती. मला लाज वाटली, आणि लाजेच्या पाठोपाठ आधीपेक्षा दुप्पट राग आला. पण आता तो कुणावर काढायचा ते नीट कळलं.

"म्हणून तुम्ही त्या दिवशी बरं म्हणालात," मी म्हटलं.

"म्हटलं, कंबर तरी सुटेल माझी. आणि त्याचं काय गो, त्याला यातलं काही दिसतच नाही. माझाच मुलगा, मीच वाढवलाय."

मी शेवटची लडी काढली. तिचा गुंडा करायचा होता आणि एरवी मी ती खुर्चीच्या पाठीला अडकवायचे. सासूबाईंनी ती माझ्या हातातून घेतली. "सरक जरा," म्हणाल्या, आणि माझ्या चटईवर माझ्याशेजारी बसल्या.

"शिवाल मला," मी म्हटलं.

"शिवूदे."

त्यांनी दोन्ही मनगटं पुढे केली, लडी त्यांवर चढवली आणि मी गुंडा करू लागले. एकदा डावा हात खाली, एकदा उजवा, असं त्या लोकर सोडत होत्या, जणू जन्मभर हेच करत आल्या होत्या. पाच वाजता नवरा शाळेतून आला. सकाळपासून उपाशी असणार, चेहरा उतरला होता. घरात कुणी नाही बघून तो मागच्या दारात आला आणि आम्हा दोघींना एका चटईवर बघून थबकला.

"आई, चहा?"

"हात अडकलेत माझे," सासूबाई म्हणाल्या. "आणि मीही बाहेर बसलेय."

त्याने माझ्याकडे पाहिलं. मी गुंडा फिरवत होते. तो आत गेला. डबे उघडल्याचे, झाकणं पडल्याचे आवाज आले. मग आतून विचारणा झाली, साखर कुठे असते. सासूबाईंनी जागेवरूनच सांगितलं, फळीवर उजवीकडून तिसरा डबा. पुन्हा विचारणा, चहापूड कुठे. तेही सांगितलं. गाळणं कुठे, तेही. जन्मापासून तो त्याच घरात होता आणि रोज चार वेळा चहा पीत होता.

अखेर तो दोन कप घेऊन आला. पडवीच्या दारात थांबला, वाकला, आणि दोन्ही कप आमच्यापासून चार हातांवर जमिनीवर ठेवून मागे सरकला. त्याच्या ते लक्षातही आलं नाही. सासूबाईंनी त्या कपांकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. "जवळ आणून दे," त्या म्हणाल्या. "भाषणात काय सांगितलंस?" त्याला कानापर्यंत लाल झालेलं मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. त्याने कप उचलले आणि आणून आमच्या हातात दिले. चहा पाणचट होता. आम्ही दोघींनी तो शेवटच्या थेंबापर्यंत प्यायला.

त्या तीन दिवसांत दोन्ही बाह्या झाल्या. उरलेले दोन दिवस सकाळचा चहा त्यानेच केला आणि पाणीही भरलं, तोंड वाकडं करून का होईना. स्वेटर एसटीने गेला. वडिलांचं कार्ड आलं की एक बाही बोटभर लांब आहे, पण बरंच झालं, पंजा आत घेता येतो. त्यानंतर दर महिन्याला आम्ही दोघी एकत्र तीन दिवस बाहेर बसायचो, तारखेशी त्याचा काही संबंध नसे.

नवरा अजूनही लोकांना सांगतो, आमच्या घरातली ती प्रथा मी बंद केली. सांगताना तो झोपाळ्यावर बसलेला असतो. मी आतून विचारते, साखर कितवा डबा, सांगा बघू. तो वर्तमानपत्र तोंडासमोर धरतो.