निमाआत्याची बेलबॉटम

निमाआत्या सकाळी उठली की चहाच्या आधी पँटीला इस्त्री करायची. कुणाच्या म्हणाल, तर स्वतःच्या. सत्तरीला टेकलेली, पाच फुटाला दोन इंच कमी पडणारी, दोन्ही गुडघे सुजलेली बाई. पलंगावर चादरीची घडी पसरायची, तिच्यावर पँट अंथरायची, बोटांनी पाणी शिंपडायची आणि समोरची क्रीज अशी दाबायची की इस्त्रीचाच जीव जावा. "क्रीज नसली की पँट नाई, पायजमा होते," म्हणायची. "आन पायजमा घालून मी झोपते. दुनियेत नाई फिरत."

ती माझ्या बाबांची धाकटी बहीण. लग्न केलं नाही. का केलं नाही, हे विचारायची हिंमत आमच्या घरात कुणाला झाली नाही. बाबा गेल्यावर नेहरू नगरच्या आमच्या घरात मागच्या खोलीत राहायला आली. त्याआधी सारी नोकरी तिने प्लांटच्या, म्हणजे इथल्या हिंदी मुलखातल्या पोलाद कारखान्याच्या, ड्रॉइंग ऑफिसात काढली. ट्रेसर होती. इंजिनियर लोक नकाशा काढायचे, आणि हिने त्यावर पातळ कागद ठेवून शाईने तो रेघ न् रेघ उतरवायचा. तीसेक वर्षं दुसऱ्याच्या रेघेवर रेघ! त्यामुळेच की काय, कुणी म्हटलं की अमुक बाईसारखं घाल, तमुकसारखं नेस, तर ती भडकायची. "नक्कल मी ड्यूटीवर केली. आंगावर नाई करत."

तिच्या पहिल्या बेलबॉटमची गोष्ट आमच्या घरात विनोद म्हणून सांगितली जायची. आजोबा रोलिंग मिलमध्ये कामगार. त्यांना प्लांटकडून वर्दीचं निळं जाड कापड मिळायचं. आत्याला नुकतीच नोकरी लागलेली, जमाना बेलबॉटमचा, आणि ट्रंकेत ते कापड पडलेलं. पोरीने कुणाला न विचारता ते उचललं, सायकल मारत मरोद्याच्या टेलरकडे गेली आणि चोवीस इंचाच्या मोहरीची, म्हणजे खालच्या घेराची, पँट शिवून आणली. एकच दिवस घातली. संध्याकाळी फाटकातून आत आली तेव्हा आजोबा बाजेवर बसले होते. त्यांनी पँट नंतर ओळखली, कापड आधी ओळखलं. "हे तं माह्या ड्रेसचं कापड हाय!" एवढंच बोलले. बाकीचं आजीने केलं, कात्री घेऊन.

"दीड वर्ष मी माह्याच पँटीनं पोछा मारला," आत्या सांगायची. हसत नसे. हसायची माझी आई. आई तेव्हा नवी नवरी होऊन आजोबांच्या घरात आलेली. पहिल्याच आठवड्यात फरशी पुसताना तिने सगळ्यांदेखत विचारलं होतं, "का वं बाई, पोछ्याले चेन कशी काय?" सारं घर लोटपोट झालं आणि आत्या उठून मागच्या अंगणात गेली. हा किस्सा आईने पुढे प्रत्येक लग्नात, प्रत्येक बारशात सांगितला. मीही दर वेळी पोट धरून हसले. आता लाज वाटते, पण हसले हे खरं.

मग तीन-चार वर्षांपूर्वी बेलबॉटम परत आली. माझी मुलगी ऋचा जुनवानीच्या कॉलेजात जाते. एका रविवारी ती खोलीतून बाहेर आली ती डोक्यापासून पायापर्यंत सत्तरचं दशक बनून. कपाळावर पट्टा, तोंडाएवढा गॉगल, कुत्र्याच्या कानांसारखी लांब कॉलर, ठिपक्याठिपक्यांचा शर्ट आणि खाली झाडू मारत चाललेली बेलबॉटम. "निमाआजी, कशी दिसते? पूरा रेट्रो है!"

आत्याने चष्मा वर सरकवून तिला पुढून पाहिलं, मागून पाहिलं. "जमाना मस्त दिसून राह्यला बाप्पा," ती म्हणाली. "तू कुठी हाय?"

ऋचाचं तोंड एवढंसं झालं. आत्याने तिला जवळ ओढलं आणि एकेक करून उतरवायला घेतलं. पट्टा गेला. गॉगल गेला. "तुही मान लंबी हाय, कॉलर राहू दे, तुले शोभते. पण ठिपके नको, सादा शर्ट घाल. एक चीज त्या जमान्याची, बाकी सारी तुही. सगळं एकदम चढवलं की गणेशोत्सवातली झाकी होते." पोरगी दहा मिनिटांत परत आली तेव्हा खरंच सुरेख दिसत होती, आणि ऋचाच दिसत होती.

त्याच आठवड्यात आत्या स्वतःसाठी कापड घेऊन आली. तेच निळं. माप घ्यायला आलेले साहू टेलर गडबडले. "दीदी, इस उमर में?" आत्या म्हणाली, "उमर का नाप मत लो भैया, कमर का लो." मग त्यांना एकेक फर्मान सुटलं. मांडीला घट्ट नको, गुडघे सुजतात. गुडघ्यापर्यंत सरळ ठेवा, खाली थोडासाच घेर द्या, मी ठेंगणी आहे, चोवीस इंचात बुडून जाईन. उंची चपलेच्या वर. कॉलरचं नावच काढू नका, मला मानच नाही. वर साधा आखूड कुर्ता. आणि मोहरीला तिने आपल्या एका जुन्या सुती साडीचा काठ लावून घेतला, लाल, बोटभर रुंद. "त्या वेळी जशी होती तशीच कावून नाई शिवली?" मी विचारलं. "तवाची पोट्टी येगळी होती," ती म्हणाली. "हे मी घालून राहिली." मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर मिळालेला मोठा काळा चष्मा मात्र तिने फेकला नव्हता. तो लावून, क्रीज मारून ती भाजी आणायला निघाली की आख्खी गल्ली फाटकाशी यायची. आई दार लावून घ्यायची.

आता माझ्या पापाकडे येते. आमचं एक छोटं मराठी मंडळ आहे, त्याची सचिव मी. यंदा वर्धापनदिनाला प्लांटमध्ये सुरुवातीला नोकरीला लागलेल्या मराठी बायकांचा सत्कार ठरला. त्यात आत्या. आमंत्रणाच्या खाली ओळ होती : महिलांनी साडी नेसून यावे. आत्याने ते दोनदा वाचलं.

"तुनंच लिवलं का वं हे?"

"दरवर्षी असंच राह्यते, आत्या. मागच्या सालचं घेतलं अन् तारीख बदलवली."

"म्हंजे ट्रेस केलं."

मी उरलेली आमंत्रणं पाकिटात घालायला घेतली.

कार्यक्रमाला ती बेलबॉटममध्येच आली, खांद्याला कापडी पिशवी. अध्यक्षांनी मला बाजूला घेतलं. "ताई, सांगा ना जरा त्यांना. घर जवळच आहे, नेसून येतील. फोटो निघणार आहेत." आणि मी गेले हो! माझ्या तोंडाने माझ्या आत्याला सांगितलं, "आत्या, एकच दिवस. माझ्यासाठी."

तिने माझ्याकडे पाहिलं. रागाने पाहिलं असतं तर बरं झालं असतं. "मले मालूम होतं," ती म्हणाली. पिशवीतून घडी घातलेली जांभळी साडी काढली, दुखऱ्या गुडघ्यांनी एकेक पायरी चढत मंचावर गेली आणि आपल्या नावाच्या खुर्चीवर ती साडी नीट ठेवली. मग माइक नसताना सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "सत्कार साडीचा होता, साडी आणली. शाल तिलेच पांघरा. नोकरी मी केली होती, मी खाली बसते." आणि शेवटच्या रांगेत जाऊन बसली. कुणी हसलं, कुणी चुकचुकलं. अध्यक्षांनी पुढचं नाव पुकारलं. शाल टेबलावर पडून राहिली. मी ती उचलून चार पावलं खाली गेले असते तर? नाही गेले. हातातल्या कागदावर पुढच्या नावापुढे खूण करत राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने नेहमीसारखी इस्त्री केली, मला चहा विचारला. विषय काढला नाही. मी माफी मागितली नाही. मागू, मागू म्हणत महिने गेले, आणि या हिवाळ्यात एका सकाळी मागच्या खोलीत इस्त्री गरम झालीच नाही. आत्या झोपेतच गेली. पँट खुर्चीच्या पाठीवर टाकलेली होती, आदल्या दिवशीची, चुरगळलेली.

बायका जमल्या. आंघोळ झाली. आई आतून साडी घेऊन आली, तीच जांभळी. मी खुर्चीवरची बेलबॉटम उचलली आणि म्हटलं, "आत्या हेच घालून जाईल."

"अवो ताई!" अध्यक्षांच्या मिसेस पुढे झाल्या. "लोक काय म्हणतीन? आखरीचं तरी..."

"आखरीचंच तं हाय!" मी ओरडले. मेलेल्या माणसाच्या खोलीत कुणी ओरडत नाही, मी ओरडले. "आता कोनाच्या फोटोसाठी नेसवता तिले? साडी मी लिवली होती त्या कागदावर, तिनं नाई. ज्याले पटत नसन त्यानं बाहेर बसा." पँट मी सोडली नाही.

सगळ्यांनी आईकडे पाहिलं. घरातली मोठी तीच. तिने साडी पलंगाच्या कडेला ठेवली, माझ्याजवळ आली आणि माझ्या हातातून पँट ओढून घेतली. मला वाटलं, झालं. पुन्हा कात्री.

आईने पँट झटकली. उजेडात धरली. लाल काठावरून अंगठा फिरवला. चेन खाली सरकलेली होती ती हळूच वर ओढली. मग माझ्यावरच खेकसली, "अशी चुरगळलेली घालून देतेस का तिले? काई अक्कल? इस्त्री लाव."

टेबलावर तिने चादरीची घडी पसरली, बोटांनी पाणी शिंपडलं. हसण्यासाठी पोछ्याचा तो किस्सा तिने जन्मभर सांगितला, आणि आता ओठ घट्ट मिटून ती समोरची क्रीज दाबत होती, एक पाय, मग दुसरा. दोन्ही झाल्यावर क्रीजवरून बोट ओढून पाहिलं.

"हं," म्हणाली. "आता घाल."