नमुना खराब

नातवाला लस टोचताना स्पिरिटचा वास आला आणि मला मानपाड्याचं आमचं स्वयंपाकघर आठवलं. नव्वद सालच्या आसपास मी जंतू गिळणाऱ्या पेशींवर संशोधन करत होते आणि स्वतःला मोठी विदुषी समजत होते. प्रयोगाला निरोगी माणसाचं रक्त लागायचं, म्हणून थोरल्या जाऊबाईंना ओट्याशी बसवून मी सुई खुपसायची. "घे बाई, कणीक भिजेपर्यंत मोकळीच आहे मी," त्या म्हणायच्या. रक्तातल्या त्या पेशी प्रयोगशाळेतल्या ताटलीच्या तळाला चिकटतात, मग वाढतात. जाऊबाईंच्या तिन्ही वेळा जेमतेम दोन-चार चिकटल्या. "जाऊबाई, तुमच्या पेशीही तुमच्यासारख्याच, एका जागी बसत नाहीत," मी म्हटलं. त्यांनी हात पुढे केला. महिन्यापूर्वीच्या सुईचा काळानिळा डाग अजून तसाच होता. "तुझा हातच जड गं," त्या म्हणाल्या आणि आम्ही दोघी पोट धरून हसलो. दिवाळीआधी त्या गेल्या. हाडांतली मज्जा रक्तच बनवत नव्हती, फार उशिरा आणलंत, असं डॉक्टर म्हणाले. ताटलीला चिकटायला पेशीच उरल्या नव्हत्या. माझी ती वही अजून कपाटात आहे. जाऊबाईंच्या नावापुढे तीनदा लिहिलंय, 'नमुना खराब', आणि खाली पट्टी धरून लाल रेघ मारलीय. फार टापटीप हो मी.