खिशातली पिशवी

माझी मावशी ऑपरेशन थिएटरची सिस्टर. देवाचा विषय निघाला की तिच्या कपाळाला आठी पडते. "शिकल्यासवरल्या माणसांना आता धर्म लागतो कशाला?" यावरून मामाशी तिचं कायम वाजतं.

पेशंटच्या अंगावर धागा, ताईत, क्रॉस काही ठेवायचं नाही, हा थिएटरचा नियम. बाकीच्या सिस्टर ते काढून नातेवाइकांच्या हातात देतात. मावशी मात्र छोट्या पिशवीत बंद करून स्वतःच्या खिशात घालते आणि पेशंटला खिसा दाखवते. "हे आत येतंय तुमच्याबरोबर. निवांत झोपा."

"तुझा तर विश्वास नाही," मामानं एकदा तिला कोंडीत पकडलं.

"भूल त्यांना द्यायची असते, मला नाही," ती म्हणाली.

तीस वर्षांत तिनं एकही पिशवी हरवलेली नाही.

मागच्या महिन्यात तिचंच पित्ताशयाचं ऑपरेशन होतं. आत नेताना नव्या सिस्टरनं विचारलं, "अंगावरचं काही काढून ठेवायचंय?" मावशीच्या गळ्यात, हातात काहीच नव्हतं. तिनं उशाखालून युनिफॉर्मला लावायचं आपलं जुनं घड्याळ काढलं, सिस्टरच्या हातात दिलं आणि हळूच म्हणाली, "खिशात ठेव. आणि मला खिसा दाखव."