सरांच्या पेपरातला हात

सरांच्या केबिनमध्ये टेबलाच्या काचेखाली त्यांच्या छापून आलेल्या संशोधन-पेपरांची यादी असायची. बहुतेक बुरशीच्या रोगांवरचे: नायटा, नखांची बुरशी, मेडिकलवरच्या मलमांनी चिघळलेलं गजकर्ण. त्यांच्या हाताखाली त्वचारोगात एम.डी. करताना त्यातल्या बऱ्याच पेपरांचं इंग्रजी मी लिहून दिलं. मी इंग्रजी माध्यमातली आणि उलट न बोलणारी; दोन्ही सरांच्या सोयीचं होतं. माझं नाव एकावरही नव्हतं.

शेवटचा पेपर बोरी गावातल्या रुग्णांवर होता. फोटो सरांनी नंतर जोडले आणि छापून आल्यावर ते कौतुकानं व्हॉट्सॲपवर टाकले; फिरत फिरत ते बोरीत पोचले. एका बाईच्या डोळ्यांवर काळी पट्टी मारली होती, पण तिच्या हातावर, नायट्याच्या कड्याला लागून, विंचवाचं गोंदण स्वच्छ दिसत होतं. गावाला तेवढं पुरलं. ती बाई शाळेत खिचडी शिजवायची. शाळेनं तिला घरी बसवलं.

पुढं पेपर छापणाऱ्यांनी तिचं संमतीपत्र मागितलं, तेव्हा सर मला जीपमध्ये घालून बोरीला घेऊन गेले. वाटेत कागद माझ्या मांडीवर टाकून म्हणाले, "बाईमाणसाचं ऐकेल ती. अंगठा घ्या. तारीख मागची टाका."

ती अंगणात धुणं वाळत घालत होती.

"या. आज काय काढायचंय? पाठ दावू का पोट?"

"मावशी, चिडू नका," सर म्हणाले.

"मावशी म्हनू नका. मावशीचा हात गावभर हिंडवतेत व्हय? मी बरी झाले, तेवढं लिहून द्या. हेडमास्तर म्हनायलेत, डाक्टरचा कागद आना, न्हाई तर दुसरी बाई ठेवतो."

"देतो की. आधी इथं अंगठा करा."

"मला सही येती."

तिनं कागद घेतला, पण तो इंग्रजीत होता. माझ्यापुढं धरला. "वाच गं. काय लिवलंय?"

मी मराठीतून सांगितलं: 'फोटो काढण्याआधी मला सगळं समजावून सांगितलं होतं आणि छापायला माझी हरकत नव्हती.'

"कवा सांगितलं?"

सर माझ्याकडं बघत होते.

"नाही सांगितलं," मी म्हणाले.

मग सर इंग्रजीत बोलले, तिला कळू नये म्हणून. माझ्या प्रबंधावर सही कोणाची लागते, हे मी विसरले का, असं विचारलं. मी तिचा हात उजेडात धरून पाहिला. कडं गेलं होतं, खवले नव्हते, नुसता काळसर डाग उरला होता. दुसरीकडं कुठं आहे का, तेही पाहिलं. वहीचं पान फाडून, मोडक्या अक्षरात, या बाईंचा नायटा बरा झाला आहे, असं मराठीत लिहिलं. खाली सही आणि माझा नोंदणी क्रमांक. सर जीपकडं गेले.

"शिक्का कुठाय?"

"माझ्याकडं नाही."

"मंग मास्तर काय मानतंय ह्येला! चल, तुझ्या तोंडानं सांग."

अनोळखी माणसासमोर माझा आवाज निघत नाही. तरी तिच्याबरोबर शाळेत गेले. हेडमास्तरांनी कागद उलटसुलट करून पाहिला.

"एवढ्या मोठ्या डॉक्टरनं पेपरात छापलं, अन् तुम्ही म्हणता बरी झाली. उद्या लेकराइला झालं तर?"

"फोटो जुना आहे. आज मी तपासलंय. त्यांच्यापासून आता कोणाला होणार नाही. सही माझी आहे."

"तुमच्या सरांनी का नाही दिला मग कागद?"

"ते त्यांनाच विचारा."

त्यांनी कागद खणात टाकला. "बरं. उद्यापासून येऊ द्या."

"उद्या कशाला?" ती म्हणाली. "तांदूळ आजच निवडायचाय." आणि पदर खोचून स्वयंपाकाच्या खोलीत गेली.

मी दारात उभी राहिले. काहीतरी बोलेल असं वाटलं होतं. सूप घेऊन ती माझ्याकडं पाठ करून बसली.

"जीप गेली तुमची," ती म्हणाली. "परभणीची गाडी स्टँडावरून मिळंल. आन् पुन्हा आमच्या गावात फोटो काढायला येऊ नका."