शिवलेलं शेवटचं प्रकरण

लीलावती वर्टीकरांना किळस यायला फार काही लागत नाही. मराठी मंडळाच्या फिरत्या पुस्तकांत लोक काय काय ठेवून देतात ते पाहिलं तरी पुरे. पोळीचं तेल, हळदीचं बोट, बिस्किटाचा चुरा. एकदा तर पान एकशे बारावर चिरडलेला डास निघाला, रक्तासकट, आणि तोही नेमका इन्स्पेक्टरला रक्ताचा डाग सापडतो त्या ओळीवर. शी! बाईंनी पान ओल्या फडक्याने पुसलं, कोपरापर्यंत हात धुतले आणि मंडळाच्या ग्रुपवर लिहिलं, ‘ज्यांना पुस्तक आणि ताट यांतला फरक कळत नाही, त्यांनी यादीतून आपलं नाव काढून घ्यावं.’ कोणी काढलं नाही. तीन जणांनी हसरे चेहरे पाठवले. त्याचीही बाईंना किळस आली.

पण पुस्तकं मागवल्यावाचून राहवत नाही, करणार काय! त्यांचे यजमान गोपीनाथराव केंद्र सरकारच्या नकाशे काढणाऱ्या खात्यात होते. पस्तीस वर्षांपूर्वी बदली होऊन चंदीगडला आले ते दोन वर्षांसाठी, आणि राहिले ते राहिलेच. तिथल्याच मनीमाजऱ्यात घर घेतलं. सेक्टर सतराच्या दुकानांत इंग्रजी थ्रिलरची चळत छातीपर्यंत लागलेली असते, पण मराठीचं नाव काढलं की दुकानदार म्हणतो, ‘मराठी? नहीं जी, गुजराती भी नहीं है.’ म्हणून मंडळातली नऊ घरं मिळून पुण्याहून पार्सल मागवतात. चिठ्ठ्या टाकून नंबर लागतो आणि प्रत्येक घरी पुस्तक बारा दिवस राहतं. बाई रहस्यकथेशिवाय काही वाचत नाहीत. सामाजिक कादंबरीत दोनशे पानांनंतरही कोणी मेलेलं नसतं, असं त्यांचं म्हणणं.

दर डिसेंबरात पुण्याहून ‘आगामी’ची यादी येते. बाई लाल पेन्सिल घेऊन बसतात आणि यादीवरच करवादतात. ‘श्वास रोखायला लावणारी कादंबरी! अरे, चारशे पानं श्वास रोखला तर वाचणारा मरेल की!’ ‘शेवट वाचून हादराल! हो? मग आधीच कशाला सांगता मेल्यांनो?’ तरीही यादी घडी घालून देवाजवळच्या खणात जाते. गेली चार वर्षं त्या यादीत एकाच नावाभोवती लाल गोल होता: ‘आठवं कुलूप’. आधीचे दोन भाग बाईंनी तीनतीनदा वाचलेले. दुसऱ्या भागाच्या शेवटी पोस्टमास्तरचा खून होतो, आणि खुनी कोण हे तिसऱ्या भागात कळणार. तो भाग दर वर्षी आगामी, आणि दर वर्षी पुढच्या वर्षी. बाई त्या लेखकाला मनसोक्त शिव्या घालत आणि वाट बघत.

आता पुस्तकांच्या शिवणीचं सांगायला हवं. गोपीनाथरावांना पहिल्यापासून एक खोड. पुस्तक हातात आलं की आधी शेवटचं पान. बाईंच्या मते याहून घाणेरडी सवय माणसाला असू शकत नाही. दुसऱ्याच्या ताटातला लाडू चाटून परत ठेवावा, तसलं ते. गोपीनाथराव शांतपणे सांगत, ‘अगं, नकाशा बघताना आधी पोचायचं कुठे ते बघतात. मग रस्ता कसा मजेत जातो.’ बरं, वाचून गप्प बसतील तर शपथ! तोंडात तीळ भिजत नाही. बारा वर्षांपूर्वी बाई एक जाडजूड कादंबरी वाचत होत्या, शेवटची चाळीस पानं राहिली होती. जेवताना भातावर वरण घेता घेता गोपीनाथराव डोळे मिचकावत म्हणाले, ‘डॉक्टर. तो डॉक्टरच खुनी.’

बाईंनी वरणाची वाटी तिथेच ठेवली आणि जे तोंड सोडलं ते खालच्या मजल्यावरच्या सरदारीणबाई वर बघायला आल्या. ‘तुमच्या जिभेला काही हाड? चाळीस पानं! चाळीस पानं राहिली होती माझी!’ गोपीनाथराव मात्र पोट धरून हसत होते. दुसऱ्या दिवसापासून घरात आलेल्या प्रत्येक पुस्तकाचं शेवटचं प्रकरण बाईंनी सुईदोऱ्याने शिवायला सुरुवात केली. लाल दोरा, काठाला बारीक टाके, नजर वर छताकडे, म्हणजे चुकूनही एखादा शब्द डोळ्यांत जायला नको. मंडळाला ही युक्ती इतकी आवडली की नियमच झाला. पार्सल आधी वर्टीकरांकडे, तिथे शिवण, मग चिठ्ठ्या. प्रत्येकाने तिथपर्यंत वाचायचं, मागे चिकटवलेल्या कागदावर आपल्या मते खुनी कोण ते लिहायचं, मगच दोरा कापायचा. वाचून झालं की पुन्हा शिवून पुढे.

बारा वर्षं गोपीनाथराव त्या टाक्यांच्या मागे होते. कधी दोन पानांच्या फटीतून चष्मा लावून डोकावत, कधी नखं कापायच्या कात्रीने एखादा टाका उसवत. पकडले गेले की हसत. बाईंना तिडीक जायची. आणि गेल्या दिवाळीपासून ते सगळं थांबलं.

दिवाळीच्या आधी दूध आणायला म्हणून घरातून निघाले ते दुपारी शहराबाहेर मुल्लानपुराकडे सापडले, शेतातल्या एका अर्धवट इमारतीसमोर. ‘नकाशात इथे रस्ता नाहीच आहे,’ असं तिथल्या चौकीदाराला समजावून सांगत होते. डॉक्टरांनी तपासण्या केल्या आणि सांगितलं, आठवण जात चाललीये, हळूहळू आणखी जाईल. मग मंडळाचे लोक भेटायला आले. अगदी तोंडाशी तोंड नेऊन ओरडत, ‘काका, मला ओळखलंत का? सांगा बघू मी कोण?’ बाईंच्या अंगावर काटा यायचा त्या प्रकाराने. हा काय परीक्षेला बसलेला पोर आहे? एकाला त्यांनी दारातच विचारलं, ‘वामनराव, तुम्ही कोण ते तुम्हाला ठाऊक आहे ना? मग झालं तर.’ त्यानंतर वामनराव आले नाहीत.

माणसं ओळखायचे, नाही ओळखायचे, ते एक असो. बाईंना खरी भीती वेगळीच होती. दिवाळीपासून चार पुस्तकं घरात येऊन गेली, आणि गोपीनाथरावांनी एकाच्याही टाक्यांना हात लावला नाही. ती खोडच गेली असेल, तर मग आता घरात कोण उरलं, हे बाईंना कळत नव्हतं.

मार्चमध्ये ‘आठवं कुलूप’ आलं. खरंच आलं! बाईंनी दातांनी दोरी तोडून पार्सल फोडलं, आणि आपल्या उतावीळपणाचीही त्यांना चीड आली. नव्या कागदाचा वास, एकही डास नाही, एकही बोट नाही. शेवटचं प्रकरण शिवायला घेतलं आणि बारा वर्षांत पहिल्यांदा त्यांनी टाके सैल घातले. लांब लांब, ढिले, कात्रीशिवाय बोटानेही निघतील असे. शाळकरी मुलीने घातले असते तर बाईंनी उसवायला लावले असते. ‘लाज नाही वाटत?’ असं स्वतःलाच म्हणाल्या, पण पुन्हा शिवलं नाही.

चिठ्ठीत पहिला नंबर त्यांचाच निघाला. सहा दिवसांत त्या शिवणीपर्यंत पोचल्या. खुनी कोण ते त्यांना जवळजवळ पक्कं कळलं होतं. फक्त दोरा कापायचा होता. चार वर्षं ज्याची वाट पाहिली ते पंचवीस पानांवर होतं. बाईंनी पुस्तक मिटलं आणि गोपीनाथरावांच्या खुर्चीशेजारच्या टीपॉयवर ठेवलं. वर नखं कापायची कात्री.

सातवा दिवस गेला, आठवा गेला. गोपीनाथराव पुस्तकावर चहाचा कप ठेवत. मुखपृष्ठावर गोल डाग पडला, दुसरं कोणी असतं तर बाईंनी ग्रुपवर धिंडवडे काढले असते. बारावा दिवसही गेला. दुसरा नंबर देवयानीचा होता, विद्यापीठात पीएचडी करणारी साताऱ्याची मुलगी. तिचा फोन आला. ‘काकू, सॉरी हं, पण तुमचे बारा दिवस झाले. सगळे विचारतायत.’

‘विचारू देत,’ बाई म्हणाल्या. ‘मला बरं नाहीये.’ आणि फोन ठेवला. नियम मोडणाऱ्यांचा त्यांना जन्मभर वीट, आणि आता आपणच! वर खोटं बोलणं! मासा गळाला लागेल म्हणून नवऱ्यापुढे पुस्तक टाकून बसायचं, शी, काय ही अवस्था! रोज सकाळी त्या टाके मोजत. अकरा घातले होते, अकराच असत.

अठराव्या दिवशी सकाळी भाजी निवडून बाहेर आल्या तर टीपॉयवर लाल दोऱ्याचे तुकडे पडलेले. कात्री उघडी. पुस्तक गोपीनाथरावांच्या मांडीवर, शेवटचं पान वर.

‘अहो,’ त्या म्हणाल्या. ‘वाचलंत? शेवटचं पान वाचलंत ना?’

गोपीनाथरावांनी वर पाहिलं. किती तरी महिन्यांनी त्यांनी एक डोळा मिचकावला. तोच, बारा वर्षांपूर्वीचा. आवाज बारीक करून म्हणाले, ‘डॉक्टर. तो डॉक्टरच खुनी, लीला.’

‘आठवं कुलूप’मध्ये डॉक्टर नव्हता. पोस्टमास्तर होता, त्याची मेहुणी होती, एक लाकूडवाला होता, कोर्टातला एक कारकून होता. तिन्ही भागांत मिळून एक कंपाउंडरसुद्धा नव्हता.

बाईंनी कमरेला पदर खोचला आणि जे तोंड सोडलं! ‘शी! सांगितलंत ना शेवटी! तुमच्या जिभेला काही हाड? चार वर्षं थांबले होते मी! पंचवीस पानं राहिली होती माझी, पंचवीस पानं! घाणेरडी खोड ती घाणेरडी खोड, मेली जाता जात नाही!’ आवाज चढत गेला, मध्येच चिरकला, पुन्हा चढला. खालून सरदारीणबाईंनी हाक मारली, ‘भैणजी, सब ठीक?’ गोपीनाथराव पोट धरून हसत होते, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत.

दुपारी बाईंनी लाल दोरा ओवला आणि छताकडे बघत शेवटचं प्रकरण पुन्हा शिवून टाकलं, घट्ट, बारीक टाक्यांनी. मागच्या कागदावर पहिल्या नंबरापुढे खुन्याचं नाव लिहिलं आणि पुस्तक देवयानीला देऊन आल्या.

दोन दिवसांनी तिचा फोन आला. ‘काकू, तुम्ही “डॉक्टर” लिहिलंय. मी अर्ध्यावर आलेय, अजून एकही डॉक्टर नाही. पुढे येतो का?’

‘तू गप वाच,’ बाई म्हणाल्या. ‘आणि ऐक, वाचून झालं की शेवट मला सांगायचा नाही. सांगितलास तर याद राख.’