जिंकणं परवडत नव्हतं

हरणाऱ्याकडून पैसे घेणं पाप आहे, असं मानून व्हिडिओ गेमचं दुकान चालवणारे साऱ्या सुरतेत एकटे माझे मामाच असतील.

नव्वदच्या दशकात शिरपूरकडून मी कॉलेजसाठी सुरतेला आलो, तो त्यांच्याच आधारावर. भेस्तान या कामगारवस्तीत त्यांची एक खोली होती. पुढच्या अर्ध्या भागात टीव्हीला जोडलेला गेमचा डबा. मागच्या अर्ध्यात मामी, स्टोव्ह आणि माझी पुस्तकं. आमच्या घरातला पहिला पदवीधर गेममधल्या हाणामारीच्या आवाजात तयार झाला, आणि त्याची फीही त्या डब्यानेच भरली.

मामांची उमेदीची वर्षं कापडाच्या यंत्रमागावर गेलेली. मजुरी मीटरवर मिळते आणि फाटलेल्या कापडाची मिळत नाही, हा त्यांच्या लेखी सृष्टीचा नियम. बाकीचे दुकानदार अर्ध्या तासाचे पैसे घेत. मामांनी भाव लावला स्टेजवर. पहिली स्टेज पार झाली नाही तर फुकट. पुढची प्रत्येक स्टेज आधीच्यापेक्षा महाग, कारण बारीक मालाचा दर जास्तच असतो. मी म्हटलं, "मामा, मागावर मीटरचे पैसे कारागिराला मिळतात. इथे तुम्ही त्याच्याकडूनच घेता." ते शांतपणे म्हणाले, "पन मजा कोन घर लई जास?"

झालं असं, की भेस्तानमधले एकेक तरबेज खेळाडू बिघडत गेले. अमळनेरकडचा एक कारागीर तर डोळे मिटून खेळेल असा. पण पहिली स्टेज संपत आली की बेधडक खड्ड्यात उडी घेई आणि पुन्हा फुकट सुरू करी. मामा हळहळत, "दादा, डोळा तपासी ले." मामी आतून म्हणे, "तुमनाच तपासा."

गल्ला रिकामा. डबा शहरातल्या एका शेठकडून भाड्याने आणलेला. "मामा, धंदो करो छो के धरम?" असं बजावून शेठ थकले आणि एका रविवारी टेम्पो घेऊनच आले.

तेव्हा तो अमळनेरवाला पुढे झाला. "शेठ, जरा थांबा. आज सगळ्या स्टेज खेळतो. उडी नाही मारत."

मामांनी चमकून पाहिलं. "म्हणजे तू मुद्दाम मरायचा?"

"मग काय करू मामा? जिंकणं परवडत नव्हतं."

आणि मग तो असा खेळला, की अख्खी गल्ली दारात गोळा झाली. "दुसरी माझ्याकडून," कुणीतरी ओरडलं. तिसरीचे पैसे पानवाल्याने टाकले. पुढची तर टेम्पोवाल्याने दिली, आणि शेठ स्वतः स्टुलावर चढून बघू लागले. मामीचा भात करपला, तरी ती हलली नाही. शेवटच्या स्टेजच्या तोंडाशी त्याने खेळ थांबवला. "मामा, हिचा भाव?"

मामा गोंधळले. इथवर कुणी येईल असं त्यांना वाटलंच नव्हतं. "खेळ तू आधी," ते पुटपुटले, "माले बी पाहू दे."

त्या दिवशी डबा राहिला, पण अर्ध्या तासाचा भाव लावायचा, या शेठच्या अटीवर. धंदा नीट चालला, माझी पदवीही झाली. मागे नंबर लावून उभे असलेले लोक मात्र आता पडद्याऐवजी घड्याळाकडे बघत. पडद्याकडे बघणारे एकटे मामाच उरले होते.