गादीवरचा हात

म्यानवाल्या दादांच्या दुकानात पुढच्या गादीवर दादा बसत आणि मागच्या खोलीत वहिनी. गिऱ्हाइकाशी गप्पा हाणणं, सुरा हातात घेऊन अंगठ्याने धार चाचपणं आणि "वा, काय माल आहे!" म्हणणं, ही दादांची कामं. पात्याला तेलकट कागद गुंडाळून त्यावर ओलं कातडं बसवणं, हाडाच्या तुकड्याने दाबदाबून आकार उठवणं, सावलीत सुकवणं, धारेने दोरा कापला जाऊ नये म्हणून कडेला आतून एक पट्टी घालून दोन सुयांनी शिवणं, हे सगळं वहिनींचं. म्यान उलटं धरलं तरी सुरा पडायचा नाही, आणि अंगठ्याने जरा रेटला की अलगद सुटायचा. लोक म्हणत, दादांचा हात काही औरच! दादांनी कधी 'हात माझा नाही' म्हटलं नाही. वहिनींनाही त्याचं काही वाटलं नाही. घरातल्या घरात कसला हिशेब मांडायचा!

दादा गेले आणि वहिनी गादीवर येऊन बसल्या. गिऱ्हाईक दारापर्यंत यायचं, दोन शब्द हळहळायचं, चालतं व्हायचं.

जुना सुतार तेवढा टिकला. पटाशीचं म्यान फाटलं होतं, तसंच दुसरं हवं होतं. वहिनींनी जीव ओतून शिवलं. त्याने पटाशी आतबाहेर करून पाहिली.

"घट्ट आहे हो."

"नवं आहे. वापरून सैल होईल."

"दादांचं असं नव्हतं."

"तेही मीच शिवलेलं."

सुतार हसला. दुखवट्याला आलेला माणूस हसतो तसं. "असेल, असेल. हाताखाली असालच तुम्ही. पण दादा ते दादा." म्यान तिथंच टाकून गेला.

दुकानाला कुलूप लावायची वेळ आली, तेव्हा वहिनींनी धाकट्या दिराला बोलावलं. मिशी झोकदार, बाकी आयुष्यभर रिकामटेकडा.

"भाऊजी, उद्यापासून गादीवर बसा."

"मला यातलं ओ की ठो कळत नाही, वहिनी."

"तुमच्या दादांना तरी कुठं कळत होतं?"

सुताराला निरोप गेला. भाऊजींनी तेच म्यान त्याच्यापुढे ठेवलं, मिशीवर बोट फिरवलं. "घट्ट आहे. वापरा, सैल होईल."

"होणारच की!" सुतार खूश. "घ्या, हा खरा हात! शेवटी रक्तातच असतं."

पडद्यामागे वहिनींच्या बोटात सुई घुसली. बोट तोंडात धरून त्यांनी पुढचा टाका घातला.

दुकान पुन्हा चालू लागलं. गिऱ्हाइकं वाढली, तसा भाऊजींचा आवाजही वाढला. परवा पडदा बाजूला सारून आत आले, हातात नुकतंच शिवलेलं म्यान.

"वहिनी, टाके जरा जवळ घेत चला. आपल्या नावाला शोभलं पाहिजे."

वहिनींनी वर पाहिलं. ओठावर आलेलं तोंडातच ठेवलं. पडदा उघडाच होता आणि बाहेर गिऱ्हाईक ऐकत बसलं होतं.

"बरं," वहिनी म्हणाल्या.